योरिससाहेबांना, महासंघाच्या गाडीबद्दल

नॉम पेन्ह, १२ जून

योरिससाहेबांना न्हेम आजीचा नमस्कार.

साहेब म्हटलं म्हणून दचकू नकोस. पत्र लिहून घेणारी माझी सून मालिस म्हणाली की परदेशी पत्रात आधी मान द्यावा लागतो. दिला. संपला. आता योरिस, लेकरा, कसा आहेस?

तुझा पत्ता तुमच्या महासंघाच्या कचेरीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने दिला. देताना असा इकडेतिकडे बघत होता, जसा काही कचेरीतली चांदीची भांडीच मला काढून देतोय. तू निरोप न घेता गेलास. रोज सकाळी माझ्या गाड्यावर शेवया आणि माशाचं हिरवं कालवण खाणारा माणूस एक दिवस येत नाही, तर आजी काय समजणार? मी तुझी वाटी उपडी घालून ठेवली होती. मग पहारेकरी म्हणाला, साहेबांचं विमान गेलं.

तू गेल्यापासून गाड्यावर हसणं कमी झालंय. तुमचा महासंघ काय चीज आहे हे मी अजून लोकांना तुझ्या शब्दांत सांगते. मी विचारलं होतं, राजा कोण? तू म्हणालास, राजा नाही. सैन्य? तेही नाही. मग आहे तरी काय? "आजी, पुष्कळ देश आहेत, एक झेंडा आहे आणि सभा खूप आहेत." आणि राजवाड्यातल्या मेजवानीला तुमच्या राजदूत बाई सगळ्या देशांच्या राजदूतांच्या मागे, अगदी शेवटी उभ्या राहतात, कारण महासंघ म्हणजे देश नव्हे. हे सांगताना तू त्यांची मान उंचावून बघण्याची नक्कल करायचास. माझा सारेत तुमची गाडी पुसता पुसता हसायचा.

सारेत बरा आहे. विश्रांती चाललीय त्याची. सरकारी जेवण, सरकारी छप्पर. आठ वर्षं तुमची गाडी चालवली, कधी चार दिवस घरी बसला नाही, आता सगळं वसूल होतंय. तो कुठे आहे ते तुला ठाऊकच आहे. उडोंगच्या रस्त्यावर तुमच्या गाडीखाली ती ताडाचा रस विकणारी युम गेली, आणि पोलिसांनी सारेतला तिथूनच नेलं, तेव्हा तू तिथे उभाच होतास.

एक विचारायचं होतं, सवडीने सांग. त्या संध्याकाळी गाडीत पुढे कोण कुठे बसलं होतं? माझं वय झालंय, मला गोष्टी नीट मांडून लागतात.

मालिस म्हणते, हे असलं काय विचारता, सगळ्यांना माहीतच आहे. मी तिला म्हटलं, तू लिही.

न्हेम आजी


३ ऑगस्ट

योरिस,

तुझं पत्र पोचलं. मालिसकडून दोनदा वाचून घेतलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं ती मधलं गाळतेय. "झालेल्या घटनेचं मला अतीव दुःख आहे. या विषयावर बोलण्याची मला मुभा नाही. सारेतला नमस्कार." तोंडात मिठाची गुळणी धरलेला माणूससुद्धा याहून जास्त बोलतो. आणि "अतीव" हा शब्द तुला कोणी शिकवला रे? माझ्या बाकावर तर तू शिव्या शिकलास.

बरं. तुला मुभा नाही, मला आहे. मी सांगते, तू ऐक.

युमला चितेवर ठेवायच्या आधी मी तिच्या घरी गेले होते. आमच्यात तशी रीत आहे, तुला कोणी सांगितली नसेल. ज्या घरच्या माणसाच्या हातून मरण घडलं, त्या घरच्या वडीलधाऱ्याने प्रेतापुढे उदबत्त्या लावायच्या, डोकं टेकायचं आणि क्षमा मागायची. पोलीस काय म्हणतात, कोर्ट काय म्हणतं, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. नाही मागितली तर गेलेलं माणूस वाट सोडत नाही.

दारात युमची आई बसली होती. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा काटक.

"कोण तू?"

"गाडी चालवणाऱ्याची आई."

ती म्हणाली, "तो का नाही आला?"

"आत घातलाय त्याला."

"बरं केलं." मग म्हणाली, "जेवलीस का?"

मी उदबत्त्या लावल्या, डोकं टेकलं, माझ्या मुलाच्या हातून झालं, पदरात घे, म्हणाले. तिने लगेच दिली नाही क्षमा. दिवसभर बसवून ठेवलं. मध्ये म्हणाली, "नुसती बसू नकोस, भांडी घास." मी घासली. तिच्या बाकीच्या लेकी माझ्याकडे बघून तोंड फिरवत होत्या. दिवस कलल्यावर ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाली, "दिली. तुझ्या पोराला सांग, दिली. ऊठ आता." ते देणं सोपं नव्हतं. मी बायकांना मुलं होताना पाहिलंय, तेवढा त्रास तिला ते देताना झाला.

ते सगळं मनात घेऊन मी सारेतला पहिल्यांदा तुरुंगात भेटायला गेले. मालिसला कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती. मी त्याला म्हटलं, बाळा, तिने क्षमा केली. तर तो जाळीला कपाळ टेकून रडायला लागला आणि म्हणाला, "आई, गाडी मी चालवत नव्हतो. साहेब चालवत होते."


५ ऑगस्ट

वरच्या ओळीपाशी मालिसने पेन ठेवलं. दोन दिवस ते तिथेच पडून होतं.

तिला हे माहीत नव्हतं. सारेतने माझ्याकडून वचन घेतलं होतं, की मालिसला सांगायचं नाही, ती तुमच्या फाटकावर जाऊन डोकं फोडून घेईल. मग मी कसं सांगणार? समोर बसवून सांगितलं असतं तर ती अर्ध्यातून उठून गेली असती. लिहून घेणारं माणूस निदान वाक्य पुरं होईपर्यंत बसतं. म्हणून तुझ्या पत्रातून सांगितलं. तुझा हा एक उपयोग झाला.

आज ती स्वतः म्हणाली, "चला, पुढचं सांगा." तर पुढचं.

उडोंगकडच्या त्या गावात महासंघाच्या पैशाने पाण्याची टाकी झाली, तिची मेजवानी होती. गावकऱ्यांनी तुला बिअर पाजली, तू पाहुणा, नाही कसं म्हणणार. परतताना तू म्हणालास, सारेत, तू दमलास, आज मी चालवतो. आणि मग समोर युमची सायकल, तिला लटकवलेल्या ताडाच्या रसाच्या बांबूच्या नळ्या. तू स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिलास. सारेतने तुला बखोटीला धरून आपल्या जागेवर ढकललं आणि तो स्टिअरिंगवर बसला.

का, म्हणशील. तुला वाचवायला नव्हे. त्याला वाटलं, तुमच्या लोकांना पोलीस हात लावत नाहीत ते कवच गाडीला आहे. तुमच्या गाडीची नंबराची पाटी वेगळ्या रंगाची. आठ वर्षं त्या पाटीमागे कोणी शिट्टी मारली नाही, चौकातले पोलीस सलाम करत होते. छपराखाली जो उभा तो कोरडा, असा त्याचा हिशेब. तुझं नाव पेपरात येईल, बाटलीची गोष्ट निघेल, एवढीच त्याला काळजी. "साहेबांची अब्रू गेली असती आई. मला काय होणार होतं? गाडी आपलीच होती."

आपलीच! ऐकलंस?

पोलीस आला. तुझं ओळखपत्र पाहून त्याने सलाम केला. सारेतचं पाहिलं, त्यावर लिहिलेलं, स्थानिक नोकर. त्याने बेडी काढली. कवच गाडीला नव्हतंच. ते तुझ्या एकट्याच्या अंगावर होतं. खरं बोलून ज्याचं नखही दुखणार नव्हतं तो गप्प राहिला, आणि ज्याच्या अंगावर काहीच नव्हतं तो बोलला.

तो खोटं बोलला तेव्हा तू हात वर करून "नाही" म्हणाला असतास, तर आज मी तुला शेवया पार्सल करून पाठवल्या असत्या.

मालिसला यापुढे लिहायचंय. मी नको म्हटलं. तिचं तिने वेगळं लिहावं, वेगळ्या पाकिटात.

न्हेम आजी


१ ऑक्टोबर, पितरांचा पंधरवडा

योरिस,

विहारात भाताचे गोळे द्यायला रोज पहाटे जाते. यंदा माझ्या पितरांबरोबर युमच्या नावाचाही एक ठेवते. कोणी विचारलं तर नातलग आहे म्हणते.

सारेतची पहिली सुनावणी झाली. त्याने सगळं खरं सांगितलं. मग सरकारी वकिलांनी मला उभं केलं.

"युमच्या घरी सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात ना, मी गाडी चालवणाऱ्याची आई?"

"म्हणाले."

"डोकं टेकून क्षमा मागितलीत?"

"मागितली."

"न केलेल्या गुन्ह्याची क्षमा कोण मागतं आजी?"

मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुम्हाला आई नाही वाटतं." कोर्ट हसलं. पण न्यायाधीशांनी जे उतरवून घेतलं त्यात हसणं नव्हतं. आईनेच कबूल केलं, असं ते उतरलं. मी उदबत्त्या लावल्या त्या माझ्याच लेकराच्या हातकड्या झाल्या.

आमची वकील बाई तरुण आहे, फुकट काम करते आणि रागाने जेवत नाही. ती म्हणाली, आता एकच वाट, योरिसने येऊन साक्ष द्यायची. पण त्याला साक्षीलासुद्धा बोलावता येत नाही, त्याला संरक्षण आहे. तो मायदेशी गेला तरी कामावर असताना घडलेल्या गोष्टीवरचं संरक्षण राहतं.

मला हे डोक्यात शिरेना. मी मोठ्या भन्तेंना विचारलं. ते म्हणाले, "न्हेम, भिक्खूने गुन्हा केला तर पोलीस काय करतात?"

"आधी चीवर उतरवून घेतात, मग नेतात."

"का?"

"चीवराला बेडी घालता येत नाही म्हणून."

"आणि चीवर कोणाचं? त्या भिक्खूचं?"

"नाही. देणाऱ्यांचं. दान दिलेलं."

"मग त्याच्याशी काय भांडतेस? ज्यांनी पांघरवलं त्यांना सांग, उतरवा म्हणून."

मी सांगायला निघाले, तर तुमच्या राजदूत बाईच माझ्या गाड्यावर आल्या. एकट्या, चालत. बाकावर बसल्या, शेवया मागितल्या आणि खाल्ल्या नाहीत.

"आजी, ते कवच योरिसचं नाही, माझंही नाही. महासंघाचं आहे. तेच काढू शकतात."

"मग सांगा त्यांना."

"लिहिलंय."

"काय लिहिलंत?"

"काढा, असं."

म्हणून त्यांचा मला राग नाही. उत्तर मागच्या आठवड्यात आलं. नाही. ते म्हणतात, आज इथे काढलं, तर उद्या दुसऱ्या कुठल्या देशात खोट्या आरोपाखाली आमच्या माणसाला कोर्टात ओढतील, त्याचं काय? मी त्या बाईंना म्हटलं, हे म्हणणं काही वेडेपणाचं नाही. त्या म्हणाल्या, "नाही ना. तेच तर."

भिक्खूचं चीवर उतरवायला एक विहार पुरतो. तुमच्यात सगळ्या देशांना माना हलवाव्या लागतात, आणि कोणाची ना कोणाची मान आखडलेली असते.

पण तू आपणहून बोललास तर तुला कोण अडवणार? नोकरी जाईल. जाऊ दे. सारेतचीही गेलीच आहे, दोघे मिळून माझ्याकडे भांडी घासा.

न्हेम आजी


२० डिसेंबर

योरिस,

उत्तर नाही. असू दे. थंडी पडली असेल तुझ्याकडे, बोटं आखडत असतील.

इथे मोठी गंमत झाली. तुमच्या महासंघाने इथून तिकडे जाणाऱ्या आमच्या कपड्यांवरची करातली सवलत काढायची धमकी दिली, तर इथले साहेबलोक चिडले. मालिसच्या कारखान्यात बायका रडतायत, आणि टीव्हीवर एक जण टेबल आपटून म्हणतोय, महासंघ म्हणजे देश आहे का? त्याला राजा आहे का? त्यांच्या माणसांना राजदूत कशाला म्हणायचं, ते तर मंडळाचे चिटणीस. मी भांडी विसळता विसळता म्हटलं, अरे, हे तर आमचं गाड्यावरचं बोलणं. राजदूत बाईंचा मान काढून घेतला. गाड्यांच्या पाट्या बदलल्या, साध्या केल्या. तुझ्या जागेवर आलेला पोरगा आता चौकात थांबतो, पोलीस त्याला कागद मागतात. पहिल्या दिवशी तो लालेलाल झाला होता.

मला वाटलं, चीवर उतरलं! मी धावत वकील बाईकडे गेले. ती म्हणाली, आजी, हे पुढच्यांसाठी आहे, मागच्यांचं तसंच राहतं.

पण दोन दिवसांनी एक साहेब आले. चांगले कपडे, कुठल्या खात्याचे ते सांगितलं नाही. बाकावर रुमाल पसरून बसले. म्हणाले, "आजी, तुमच्या मुलावर अन्याय झालाय."

"मला वाटलं होतंच," मी म्हणाले.

"त्याने फक्त एवढं म्हणायचं, की राजदूत बाईंनी फोनवर हुकूम केला, गुन्हा तू अंगावर घे. कॅमेऱ्यासमोर. एप्रिलातल्या नववर्षाच्या आधी तो घरी जेवायला येईल."

योरिस, मी तुला खोटं कशाला सांगू. मी त्यांना दोन वाट्या शेवया वाढल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तुरुंगात गेले.

"म्हण तेवढं," मी सारेतला म्हटलं.

"पण बाईंना तर दुसऱ्या दिवसापर्यंत पत्ताच नव्हता आई."

"मला माहीत आहे नव्हता. मी काय आंधळी आहे? तू नुसतं म्हण."

"एकदा म्हटलं त्याचं काय झालं बघतेस ना?"

"तेव्हा फुकट म्हटलंस गाढवा. आता भाव आलाय."

तो हसला. किती दिवसांनी हसला. मग म्हणाला, "मी पावसात फाटकाबाहेर अडकलो तर त्या बाई स्वतः उतरून फाटक उघडायच्या. त्यांच्या नावावर हे कसं घालू?"

"म्हणजे त्यांनी एकदा फाटक उघडलं म्हणून तू आपलं बंद करून घेणार?"

"आई, मी खरं सांगितलंय कोर्टात. आता दुसरं काही सांगितलं, तर खरं होतं ते पण खोटं होईल. मग साहेब आले तरी कोण विश्वास ठेवेल?"

साहेब आले तरी. ऐकतोस ना? त्याने अजून तुझी वाट सोडलेली नाही. मी त्याला शिव्या घातल्या, रडले, शेजारच्या जाळीवरच्या बायकासुद्धा माझ्या बाजूने बोलायला लागल्या. तो नाही म्हणून मान हलवत राहिला. निघताना जरा खोकला. धूळ असते तिथे.

मालिस त्याच्यावर चिडलीय आणि तुझ्यावर नाही, हे काय गणित आहे ते मला विचारू नकोस. ती म्हणते, तुझ्याकडून तिची काही अपेक्षाच नाही.

न्हेम आजी


११ मार्च

योरिस,

तुमचं आमचं जमलं. अभिनंदन. कपड्यांची सवलत राहिली, आणि त्या बदल्यात महासंघाला मान मिळाला, आधीपेक्षा मोठा. राजदूत बाईंना राजवाड्यात बोलावलं, आणि आता त्या शेवटी उभ्या राहत नाहीत. देशांच्या रांगेत, मधे, आल्या त्या क्रमाने. टीव्हीवर दाखवलं. गाड्यांना पुन्हा वेगळ्या रंगाच्या पाट्या. फाटकाजवळ पताका लावल्या, पहारेकऱ्याला नवी टोपी दिली. त्या दिवशी माझ्या शेवया दुपारच्या आतच संपल्या.

कागदात एक ओळ होती म्हणे, की मागच्या सगळ्या बाबी दोन्ही बाजूंनी मिटल्या असं समजावं. वकील बाईने मला ती ओळ तीन वेळा समजावली. मागच्या बाबींमध्ये आमची बाब होती.

चांगल्या कपड्यांतले ते साहेब परत आले नाहीत. मी दोन दिवस त्यांच्यासाठी बाक पुसून ठेवला होता.

मग निकाल लागला. तीन वर्षं. न्यायाधीश म्हणाले, आरोपीने आधी एक सांगितलं, नंतर दुसरं. आईचं वागणं पहिल्याला धरून आहे. गाडीत असलेल्या दुसऱ्या माणसाची साक्ष उपलब्ध नाही. "उपलब्ध नाही." दुकानात साबण नसतो तसं.

राजदूत बाई कोर्टात मागे बसल्या होत्या. बाहेर माझ्याजवळ आल्या. मी म्हटलं, "तुमची जागा मिळाली ना?" मला टोमणा मारायचा होता, पण त्या रडल्या, त्यामुळे तो वाया गेला. जन्मात माझा एकही टोमणा वाया गेला नव्हता.

आता जे लिहायला सांगतेय ते मी आधी लपवलं होतं. सारेतला पावसाळ्यापासून खोकला आहे. डिसेंबरात मी धूळ म्हटलं, ती धूळ नव्हती. रक्त पडतं. एका खोलीत एवढी माणसं कोंबलेली की झोपायला पाळी लावतात, आणि कुशीवर वळायचं तर सगळ्यांनी एकदम वळायचं. दवाखान्यात दोनदा नेलं. मी तुला सांगितलं नाही, कारण मला वाटायचं तू यावास तो खरं बोलायला यावास, दया म्हणून नको. आता दया म्हणून आलास तरी चालेल. वरच्या कोर्टात अर्ज केलाय. मे महिन्यात तारीख आहे. तू काहीतरी लिहून पाठवलंस तरी वकील बाई ते घेऊन उभी राहील. चार शब्द लिही. गाडी मी चालवत होतो. आमच्या भाषेत तुला येतात हे शब्द, मीच शिकवलेत.

न्हेम आजी


२० मे

योरिस,

सारेत गेला. एप्रिलात आमचं नववर्ष झाल्यावर, पहिल्या वळवाच्या आधी. त्याला दवाखान्यातून परत खोलीत नेलं, आणि सकाळी सगळे कुशीवर वळले तेव्हा तो वळला नाही.

वरच्या कोर्टाने कागद बंद केला. आरोपी मयत, खटला संपला. वकील बाई म्हणाली, मेलेल्या माणसाची निर्दोष सुटका होत नाही, तशी सोय नाही. आता तुला कोणी साक्षीला बोलावणार नाही. तुमच्या मोठ्या कचेरीला माना हलवायच्या नाहीत की आखडायच्या नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला.

तुझा फुलांचा हार पोचला. त्यावरच्या पट्टीवर नाव नव्हतं. महासंघाचं नव्हतं, तुझंही नव्हतं. फुलवाल्याने सांगितलं म्हणून कळलं. मालिसने तो उचलला, कुठे नेला मी विचारलं नाही.

ती पुढच्या महिन्यात सीमेपलीकडे जातेय, थायलंडात, तिकडच्या कारखान्यात. तिची मुलगी, माझी नात, माझ्याकडे राहील. म्हणून हे पत्र जरा घाईचं आहे. मालिस गेल्यावर मला लिहून द्यायला कोणी नाही, आणि दुसऱ्या कोणाकडून हे लिहून घ्यायची माझी इच्छा नाही.

सारेतच्या प्रेतापाशी युमची आई आली होती. कोणी तिला सांगितलं कोण जाणे. उन्हातून आली, उदबत्त्या लावल्या, माझ्याशेजारी बसली. मला म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, "मीही नव्हते जेवले."

मला राहवलं नाही. त्याच्यापुढेच सांगितलं. म्हटलं, बाई, त्या दिवशी मी तुझ्याकडे चुकीच्या माणसासाठी डोकं टेकलं. गाडी हा चालवत नव्हता. ज्याने चालवली तो परक्या मुलखात आहे आणि त्याला कोणी हात लावू शकत नाही. मला वाटलं ती मला मारेल. मारावं असंही वाटलं.

ती सारेतच्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे मी जी क्षमा दिली ती याला लागलीच नाही?"

"याला तिची गरजच नव्हती."

"मग कुठे आहे ती?"

योरिस, मला बोलण्यात कधी कोणी हरवलं नाही, तुला माहीत आहे. त्या बाईने हरवलं.

तिने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "एवढा जीव काढून दिली होती. परत घेणार नाही मी. पण घरपोच करणार नाही. ज्याची आहे त्याने येऊन न्यावी."

मी तिचा निरोप तुला पोचवला. माझं काम संपलं. तुझ्याकडे मला आता काही मागायचं नाही, आणि तुला द्यायलाही माझ्याकडे काही नाही. जे आहे ते तिच्याकडे आहे.

उडोंगची बस मोठ्या बाजारापासून सुटते. पाण्याची टाकी लागली, ती तुमचीच, की त्यापुढच्या थांब्यावर उतर. डाव्या हाताला बांधावरून पायवाट जाते. कोणालाही विचार, युमच्या आईचं घर. ती घरीच असते.

न्हेम